तोंड नको, बरगड्या बघ

बोंद्रे डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. पहिल्याच भेटीत मला त्याचा राग आला होता. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सामान वर चढवून घेता घेता मी जिन्यात धापा टाकत उभी होते, आणि वरून उतरणारे एक पासष्टीचे गृहस्थ, खांद्यावर लाल चौकड्यांचा गमछा, माझ्यासमोर थांबून थेट माझ्या बरगड्यांकडे बघू लागले. परक्या बाईकडे असं बघतात का? मी तोंड उघडणार एवढ्यात ते मराठीत म्हणाले, "श्वास वरवर चाललाय. पायरीवर बस जरा. आणि पाणी एकदम पिऊ नको."

कोलकात्यात आल्यावर बाहेर कुठे कानावर पडलेलं ते पहिलं मराठी वाक्य, आणि तेही असलं. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं म्हणाल, तर हमालांशी मी ज्या हिंदीत भांडत होते ती हिंदी दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी पायरीवर बसले. ते समोर उभे राहिले, माझा श्वास खाली बसेपर्यंत. मग मान डोलावून बाजारात निघून गेले. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. ते काम त्यांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, अर्ध्या तासात चहाची किटली घेऊन खाली येऊन पुरं केलं. माझं गाव, माहेर, बँकेतलं पद, नवरा नाशकातच का राहिला, मुलगी सई कितवीत आहे, सगळं पहिल्या कपात विचारून झालं. दुसऱ्या कपात इमारतीतल्या प्रत्येक घराची कुंडली मला सांगून झाली.

डॉक्टर मूळचे कोल्हापूरचे, जनावरांचे डॉक्टर. गाई-म्हशींचे नव्हेत. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर वाघ, गवे, हत्ती, मगरी बेशुद्ध करायचं काम केलं. जनावर वस्तीत शिरलं, खड्ड्यात पडलं, तारेत अडकलं की यांना बोलावणं यायचं. मग सियालदहहून कॅनिंगची लोकल पकडून सुंदरबनच्या कडेच्या गावांत जायचं, नाहीतर लांबच्या गाडीने उत्तरेला चहाच्या मळ्यांत. निवृत्तीनंतर कोल्हापूरला परतायचं ठरलं होतं, पण काकू हलायला तयार होईनात. पस्तीस वर्षांत त्यांनी इथे जमवलेली माणसं कुठल्याच ट्रकमध्ये मावली नसती.

वाघाला सुई मारणारा माणूस म्हणजे कुणी छातीठोक गडी असेल असं तुम्हाला वाटेल. डॉक्टरांइतका घाबरट माणूस मी पाहिलेला नाही. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी विचारायचे, "मागचं दार कुठं आहे? आत उघडतं की बाहेर?" ऑटोत बसताना उतरायचं कसं ते आधी बघून ठेवायचे. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, अर्धा जिना उतरून परत वर येऊन पुन्हा ओढायचे. गॅस, नळ, पंखा, काकूंच्या गोळ्या, सगळ्याची फेरी झाल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. खांद्यावरचा गमछा आणि पाण्याची बाटली तर लग्नाच्या जेवणालाही बरोबर. मी एकदा चेष्टा केली, की वाघ तुम्हाला कमी आणि तुम्हीच वाघाला जास्त घाबरला असाल. ते हसले नाहीत. "भ्यायचं काम माझं," म्हणाले. "मी आधी सगळं भिऊन ठेवलं की जनावराला भ्यायला काही उरायला नको."

इथल्या मराठी लोकांचा तिळगुळाचा कार्यक्रम असतो. बँकांतले, सरकारी कार्यालयांतले, अलीकडे कंप्युटरवाले, अशी घरं जमतात. मोठी माणसं पुरणपोळी बघून डोळे पुसतात आणि मुलं कोपऱ्यात मोबाइल बघत बसतात. त्या वर्षी मुलांच्यात जनावरांच्या मारामारीचा वाद पेटला होता. कोण जास्त डेंजर, कोण कुणाला फाडणार. सई आली डॉक्टरांना ओढत. इथल्या मुलांच्या मराठीत बंगाली कधी घुसतं ते त्यांनाही कळत नाही. तिने विचारलं, "डॉक्टरआजोबा, बाघ जिंकणार की कुमीर?"

डॉक्टर खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. पाण्यात की कोरड्यावर, मगर उपाशी आहे की खाल्लेली, वाघ नर की मादी, असं त्यांनी मुलांनाच विचारायला सुरुवात केली. मुलं उत्तरं देऊन थकली तेव्हा म्हणाले, "बघा की, तुम्ही तीन गोष्टी एकत्र कालवताय. धोकादायक वेगळं, दांडगं वेगळं, चिवट वेगळं. वाघ धोकादायक. गवा दांडगा. आणि चिवट म्हणाल तर रानडुक्कर, तरस. वाघाचा एक सुळा तुटला की त्याचं वाघपण संपलं, मग तो गावातली शेळी बघतो. तरसाचा पाय फासात तुटू दे, ते तीन पायांवर संसार करतं."

"आणि कुमीर?" सईने सोडलं नाही.

मगरीचं त्यांनी सांगितलं ते ऐकून मुलांची फार निराशा झाली. एका गावच्या तळ्यात भली मोठी मगर शिरली होती. यांना पोचायला उशीर झाला, तोवर गावकऱ्यांनीच दोर टाकून तिला सकाळभर ओढली. मगरीने दोर तोडले, एकाचा हात तोडायची बाकी ठेवली, शेवटपर्यंत जबडा मिटला नाही. सगळे म्हणाले, काय ताकद आहे. नदीत सोडली, आणि दुसऱ्या दिवशी ती पोट वर करून तरंगत होती. झटापटीत तिचं रक्त आंबलं होतं. बाहेरून काही दिसत नाही. "तेव्हा जिंकलं कोण ते लगेच विचारायचं नसतं," ते मुलांना म्हणाले. "आणि तोंड बघायचं नाही. तोंडात नुसते दात. जनावर किती उरलंय ते बघायचं तर बरगड्या बघ." मुलांनी लगेच एकमेकांच्या बरगड्या बघायला सुरुवात केली आणि गुदगुल्या होऊन कार्यक्रमाचा विचका झाला.

ही मापं ते माणसांनाही लावत. समोरच्या इमारतीतले मोठ्या आवाजाचे वकील म्हणजे नुसते दांडगे, पहिल्या तापात झोपतील. गल्लीच्या क्लबचा सेक्रेटरी बिशूदा म्हणजे अस्वल, दिसायला गबाळा पण नादाला लागू नये. मला त्यांनी रानडुक्कर ठरवलं होतं. हे मला काकूंकडून कळलं आणि मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मग काकूच समजूत घालायला आल्या, की अगं, यांच्याकडे त्याहून मोठी पदवी नाही, स्वतःच्या आईलासुद्धा त्यांनी रानडुक्करच म्हटलं होतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी चितळ." काकूंनी हे पदर सारखा करत सांगितलं. "लग्न झाल्या वर्षापासून. एकदा पाल अंगावर पडली तर मी बेशुद्ध पडले होते, तेव्हाच शिक्का बसला तो बसला."

चितळ म्हणजे यादीत तळाला. ते सुईने मरत नाही, सुईआधी धरताना मरतं. माणसाचा आवाज, माणसाचा वास, एवढ्यानेही त्याचं काळीज फुटतं. डॉक्टरांनी काकूंना तसंच वागवलं. वीजबिल जास्त आलं तर ते लपवायचे. कोल्हापुराहून कुणी गेल्याची बातमी आली तर ती पोटात ठेवून दोन-तीन दिवसांनी, जेवण झाल्यावर, हळूहळू सांगायचे. आणि काकू त्या बातम्या आधीच फोनवरून कळलेल्या असताना पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकून घ्यायच्या.

गव्याची हकिकत डॉक्टरांनी मला एकदाच सांगितली. वैशाखातलं संध्याकाळचं वादळ आलं होतं, वीज गेली होती, खिडक्या लावून आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. कोल्हापूरकडच्या माणसाला गव्याचं प्रेम असतंच, त्यामुळे मी सहज विषय काढला. त्यांनी सांगितलं, की उत्तरेच्या एका गावात तरणा गवा चहाच्या मळ्यातून बाजाराच्या रस्त्यावर आला. छतांवर, भिंतींवर, झाडांवर माणसं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. गवा कुंपणांवरून उड्या मारत सकाळभर धावला. डॉक्टर पोचले, सुई नेमकी बसली, जनावर शांतपणे खाली बसलं. त्यांनी ओला गमछा त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि कानामागे हात ठेवला. हा त्यांचा नेम होता, हात उचलायचा नाही. जनावराला कुणीतरी धरून आहे हे कळत राहिलं पाहिजे, असं ते म्हणत. पण गर्दी आत घुसली. आरडाओरडा, शिट्ट्या, कुणीतरी फोटोसाठी शेपटी ओढली. डॉक्टर ओरडत राहिले, गप्प बसा, गप्प बसा. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. शेवटी उलटं औषध दिलं, गवा उठला, चालत रानात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांच्या गळ्यात हार घातला.

"दोन दिवसांनी ओढ्याकाठी सापडला," ते म्हणाले. "बसलेला. अंगावर ओरखडा नाही. एवढं धूड, आवाजाने मेलं. औषध बरोबर होतं गं, माप बरोबर होतं. मला आवाज बंद करता आला नाही."

त्यानंतर ते सोडलेल्या जनावराच्या मागावर स्वतः राहू लागले. साहेब लोक म्हणायचे, काम झालं, परत या. हे झाडावर बसून राहायचे. "बांधलेलं जनावर सगळेच बघतात," ते म्हणायचे. "सुटलेलं बघायचं असतं."

मग त्या पावसाळ्यात काकूंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, गाठ निघाली. ती काढायला हवी होती, आणि काढल्यावरच ती कसली आहे ते कळणार होतं. सर्जन म्हणाले, दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर लगेच करू, तेवढ्याने फरक पडत नाही. फरक त्यांना पडत नव्हता. डॉक्टरांचा चेहरा एका आठवड्यात उतरला.

त्यांनी मला जिन्यात गाठून सगळं समजावलं. काकूंना ऑपरेशन म्हणायचं नाही, दुर्बिणीची लहानशी तपासणी आहे असंच म्हणायचं. कुणी भेटायला यायचं नाही. भेटणारे हळहळतात, हळहळ वासाने कळते. भूल कशी असते हे त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांना झोप येत नव्हती. "सुईची मला भीती नाही," ते म्हणाले. "चितळ आहे ती. सुईपर्यंत शांत पोचली पाहिजे." त्यांच्या आवाजाने मलाही धास्ती बसली. इतकी वर्षं जनावरं वाचवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? मी सईलासुद्धा वर जायची बंदी केली.

आणि घर बंद झालं. दारावरच्या घंटेची तार काढली. पडदे ओढले. काकूंचा मोबाइल बिघडला म्हणून दुरुस्तीला गेला, तो डॉक्टरांच्या कपाटातच होता. कुकरची शिट्टी नको म्हणून ते डाळ उघड्या पातेल्यात शिजवायचे आणि ती कधीच शिजायची नाही. मासेवालीला त्यांनी खालीच अडवून सांगितलं, की ओरडायचं नाही. पण खरं संकट पुढेच होतं. आमच्या गल्लीच्या पूजेचा मांडव थेट त्यांच्या खिडकीखाली उभा राहतो. पाच दिवस कर्णे, आणि त्यावर ढाक. ज्यांनी तो ढोल जवळून ऐकलेला नाही त्यांना सांगते, तो कानाने नाही, पोटाने ऐकावा लागतो.

डॉक्टर क्लबात गेले आणि बिशूदापुढे हात जोडून उभे राहिले. पूजा म्हणजे बिशूदाचा जीव. वर्षभर तो त्यासाठीच श्वास घेतो. पण तो खूप वेळ डॉक्टरांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकीमांसाठी एवढं नाही करणार, डाक्तारबाबू?" कर्णे उतरवले गेले. सियालदह स्टेशनाबाहेर ढाकी जमतात, तिथून ठरवून आणलेले दोघे मांडवात ढोलांना टेकून विड्या ओढत बसले. षष्ठी गेली, देवीचा पडदा निघाला, आणि आमच्या गल्लीत चपला वाजतील एवढाही आवाज नाही. शेजारच्या गल्लीत धूमधडाका, आमच्याकडे माणसं खुणांनी बोलतायत. मला ती शांतता सहन होत नव्हती. डॉक्टर मात्र पहिल्यांदा जरा सैलावले होते. त्यांना जे गव्याच्या त्या गावात जमलं नव्हतं ते इथे जमलं होतं.

सप्तमीला सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वरच्या गॅलरीतून दबका आवाज आला. "अगं, वर ये. हे आंघोळीला गेलेत."

मी गेले. पडदे ओढलेल्या खोलीत काकू पलंगावर बसल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. चहाची किटली घेऊन जिना उतरणारी ती बाई मला त्यांच्यात शोधावी लागली.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "मी मरायला टेकलेय का?"

मी म्हटलं, असं काय बोलता.

"मग ढाक का वाजत नाही? बिशू पूजेत पाया पडायला आला नाही असं एक वर्ष गेलेलं नाही. मासेवाली दारावरून पाय न वाजवता जाते. तू येत नाहीस, सई येत नाही. गल्लीत कुणी गेलं की असं करतात, नाहीतर जाणार असलं की. षष्ठीच्या दिवशी मी कान देऊन पडून होते. ढाक वाजला नाही तेव्हा मी समजले, माझं उरकलं."

मला रडू फुटलं. डॉक्टरांना दिलेला शब्द मी तिथेच मोडला आणि सगळं सांगून टाकलं, गाठ, ऑपरेशन, आणि अजून काहीच कळलेलं नाही हेही. काकूंनी शांतपणे ऐकलं. गाठ आहे हे त्यांना माहीत होतं. पोट त्यांचं होतं. पण यांना सोसणार नाही म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. फक्त सगळं संपलंय असं त्यांना वाटत होतं, आणि नुसतंच ऑपरेशन आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

डॉक्टर ओल्या केसांनी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. ते माझ्यावर रागावले नाहीत, माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते घाईघाईने पलंगाजवळ आले, आणि त्यांची नजर सवयीने जायची तिथेच गेली.

"बरगड्या नंतर बघा," काकू म्हणाल्या. "आधी माझ्या तोंडाकडे बघा."

डॉक्टरांना ते जमेना. मी पाहिलं, त्यांची मान वर यायला खरोखर वेळ लागला.

"तुमचा गवा गर्दीने मेला," त्या म्हणाल्या. "मी गर्दीशिवाय मरेन. पस्तीस वर्षं तुम्ही रानात होतात तेव्हा मी या गल्लीच्या जिवावर राहिले. वाघाची बातमी यायची, तुमची यायची नाही. तेव्हा कुठे होतं तुमचं चितळ?"

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "मला वाटलं, तुला कळू नये." एवढंच. मग उठून त्यांनी स्वतःच पडदे बाजूला केले.

अष्टमीला काकू काठापदराचं नेसून पुष्पांजलीसाठी जिना उतरल्या. एक-एक मजला थांबत, कठड्याला धरत, प्रत्येक दारातल्या माणसाशी बोलत. मागे डॉक्टर, हातात ओला गमछा, पांढरेफटक. खाली पोचल्यावर काकूंनी बिशूदाला फर्मावलं, की आता वाजव. ढाकींनी दोन दिवसांचं उट्टं काढलं. माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि ते ढाकामुळे होतं की भीतीमुळे ते मला कळेना. काकू फुलं हातात घेऊन उभ्या होत्या, चांगल्या ताठ. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले होते आणि डोळे मिटले होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा काढली. भूल देणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. बोंद्रे डॉक्टरांनी तिला औषधाचं नाव विचारलं, माप विचारलं, उलटं औषध तयार आहे का विचारलं. तिने न चिडता सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की आत उभं राहून नुसता हात ठेवला तर चालेल का, कपाळावर. ती म्हणाली, हात मी ठेवीन. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, पण तिचे उपकार मी विसरणार नाही. दार बंद झाल्यावर डॉक्टर बाकावर बसले नाहीत. भिंतीपाशी उभे राहिले, गमछ्याची घडी तळव्याखाली धरून, तळवा भिंतीवर टेकवून, सगळं होईपर्यंत. मी दोनदा चहा आणला आणि दोनदा तो तसाच परत नेला.

सगळं नीट पार पडलं. गाठ साधी निघाली. काकू घरी आल्या आणि घर माणसांनी भरून गेलं. घंटेची तार जोडली गेली. संदेश मिठाईचे डबे एकावर एक रचले गेले, बिशूदा रोज दोनदा येऊन ओरडून बोलून जायचा, मासेवाली तर पलंगाशी बसून भाव सांगायची. काकू उशीला टेकून दरबार भरवायच्या. मला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस बँकेतून येताना मला डॉक्टर खाली भेटले. खांद्यावर गमछा नव्हता. मी वर गेले तर त्यांच्या दाराचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं, दाबलेलंच नव्हतं. काकू आत झोपल्या होत्या, आणि गॅसवर दूध करपून कोळसा झालं होतं. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. त्या माणसाने कुलूप ओढून पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत मला एवढी भीती कशाचीच वाटली नव्हती.

त्यानंतर ते उतरतच गेले. कप हातात धरला की बशीत हिंदकळायचा. जिन्यात अर्ध्यावर बसून राहायचे. जेवण समोर तसंच. विचारलं तर म्हणायचे, मला कुठे काय झालंय. तपासण्या केल्या. हृदय थकलंय, विश्रांती द्या, लक्ष ठेवा, एवढंच दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता.

"मला धरलं होतं तोवर हे उभे होते," त्या म्हणाल्या. "आता सुटलेत. आता यांना बघायला हवं."

त्या दिवसापासून काकूंच्या दारावरची घंटा पुन्हा बंद झाली. दरबार मोडला. टाके पुरते सुकले नव्हते तरी त्या स्वतः खाली उतरून क्लबात गेल्या आणि दिवाळीतल्या कालीपूजेला आपल्या गल्लीत फटाका वाजायचा नाही असं बिशूदाला सांगून आल्या. त्याने एकाच मोसमात दोनदा त्या घरासाठी हो म्हटलं. दिवसभर बोलल्याशिवाय ज्यांना अन्न पचत नसे त्या काकू तासन्‌तास एक शब्द न बोलता बसू लागल्या. डॉक्टर आयुष्यभर ज्या शांततेसाठी लोकांच्या हातापाया पडले, ती त्यांना काकूंनी दिली.

माझी बदली नाशकाला झाली ती नेमकी त्याच दिवसांत. निघायचा दिवस कालीपूजेचा होता. सामान पुढे गेलं होतं, टॅक्सी खाली उभी होती. दूरच्या गल्ल्यांतून दिवसाच फटाक्यांचे आवाज येत होते, आमची गल्ली गप्प होती. सईला खाली थांबवून मी निरोप घ्यायला वर गेले. दार लोटलेलं होतं.

डॉक्टर दिवाणावर उताणे पडले होते, अंगात नुसती गंजी. डोळ्यांवर लाल चौकड्यांचा ओला गमछा. काकू उशाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा हात डॉक्टरांच्या कानामागे होता. मला पाहून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. कानामागचा हात त्यांनी उचलला नाही. मला खूप बोलायचं होतं. किमान पाया पडायचं होतं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. गमछ्याखाली डॉक्टरांचा चेहरा अर्धा झाकलेला होता आणि जो दिसत होता त्यावरून काही कळत नव्हतं. मग मी तोंडावरून नजर काढली आणि गंजीकडे बघत राहिले. बराच वेळ मला काहीच दिसेना. मग गंजी जराशी वर आली, थांबली, खाली गेली. पुन्हा वर आली.

काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी दार होतं तसं लोटलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.